चलान वहिनींच्या फोनवर

कर्वेनगर, पुणे
२ फेब्रुवारी २०२५

नम्रता,

आशीर्वाद आहेतच, ते सवयीने आधी लिहिते. आई आज दुपारी तुमच्याकडे धायरीला येतील. त्यांच्या बॅगेत औषधांच्या डब्याखाली हे पत्र ठेवलं आहे. फोनच केला असता, पण गेल्या वेळी आपल्या दोघींचं फोनवर जे झालं त्यानंतर कागद बरा वाटतो. कागद मध्येच 'वहिनी, माझी मीटिंग सुरू होतेय' असं म्हणत नाही.

रक्तदाबाची गोळी सकाळी नाश्त्यानंतर. गुडघ्याचं तेल रात्री, कोमट करून. दुधात साखर घालायची नाही. त्या तुला सांगतील, हेमा घालते. हेमा घालत नाही.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरांनी ह्यांना बोलावून सांगितलं की चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने दर दोन महिन्यांनी घर बदलायचं हे आता बंद करा. आज इथलं अंथरूण, उद्या तिथलं. उठल्यावर त्यांना दार कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही, एक दिवस पडतील. दिवाळीपर्यंत एक घर ठरवा, म्हणाले. यावर हे आणि गंधार, दोघे सख्खे भाऊ, 'तुम्ही जावाजावा ठरवा' म्हणून मोकळे झाले. लोकांच्या घरी सासू नको म्हणून भांडणं होतात, आपल्याकडे उलटी गंगा. मला आई माझ्याकडे हव्या आहेत. आडवळणाने लिहीत नाही.

आणि त्याला कारणही आहे. तुम्ही वापरता ती गाडी अजून ह्यांच्या नावावर आहे. गाडी तुम्हाला देऊन चार वर्षं झाली, नाव बदलायचं मात्र 'या रविवारी, या रविवारी' चाललं आहे. गाडी घेताना ह्यांनी फोन नंबर माझा दिला, कारण ह्यांना मेसेज आलेले आवडत नाहीत. त्यामुळे तुमचे दंड माझ्या फोनवर येतात. आजवर मी ते न बघता गंधारला पुढे पाठवत होते. परवाचं मात्र उघडून पाहिलं. एरवी चलान चार दिवसांत येतं, हे नोव्हेंबरातल्या शनिवारचं जानेवारीच्या शेवटी आलं, यावरून सरकारचा स्वतःचा वेग कळावा. बायपास. मर्यादा साठ, गाडीचा वेग ब्याण्णव. खाली फोटो.

फोटोत तू चालवते आहेस आणि शेजारी आई. त्या हसताहेत. मी दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला, कवळी दिसेपर्यंत हसताहेत. अडतीस वर्षं मी त्यांच्याबरोबर काढली. माझ्या घरात त्या हसल्याच नाहीत अशातला भाग नाही, पण असं नाही. आधी मला वाटलं, दुसऱ्याच कोणाची तरी सासू.

ब्याण्णव, नम्रता. रस्त्यावर साठाची पाटी शोभेला लावलेली नसते. ह्यांनी चाळीस वर्षं गाडी चालवली, एक दंड नाही. आई कोणत्या घरी सुरक्षित राहतील हे ठरवायला मला आणखी काही बघायची गरज वाटत नाही.

हेमा

धायरी
६ एप्रिल २०२५, रामनवमी

वहिनी,

नमस्कार. आई आज परत येताहेत, सुंठवडा डबीत दिला आहे. गोळ्या दिल्या, तेल लावलं, कोमट करून. दुधात साखर घातली नाही तर आई अर्धा कप ठेवून देतात आणि म्हणतात, 'हेमाच्या हातचं दूध वेगळंच गोड असतं.'

पत्र वाचून आधी राग आला. मग वाटलं, तुम्ही स्वच्छ लिहिलं, मीही लिहावं. आमच्या यवतमाळला आडपडदा कमीच असतो, हे तुम्ही माझ्या लग्नातच म्हणाला होता. कौतुकाने म्हणाला नव्हता, पण असो.

वेग माझा, जबाबदारी माझी. पण वहिनी, एका शनिवारी सकाळी तुम्ही बायपासवर साठने जाऊन बघा. मागचा ट्रक तुमच्या डिकीत येऊन बसतो. मी रोज धायरी ते खराडी करते, मला रस्ता शिकवू नका. कॅमेऱ्याचा खांब दिसला की सगळे ब्रेक दाबतात, खांब मागे पडला की सगळे सुटतात. मास्तर वर्गात येईपर्यंत गोंधळ आणि आले की हाताची घडी, तसलं ते. आता तर फोनच आधी सांगतो की पुढे कॅमेरा आहे. याने रस्ता सुरक्षित कसा होतो ते मला कोणी समजावून सांगावं. गंधार दंड भरतो तो दुधाचं बिल भरल्यासारखा, मेसेज वाचतही नाही. उलट खांबापाशी सगळे एकदम ब्रेक मारतात तेव्हाच कोणीतरी कोणाच्या मागे ठोकतं. मी पाहिलंय.

शनिवारी आम्ही कुठे जातो तेही सांगते, म्हणजे फोटो मोठा करायचे कष्ट वाचतील. खेड शिवापूरच्या बाजूला एक हॉटेल आहे, तिथे आई मिसळ खातात. तर्री वेगळी मागवतात. बाकी आठवडाभर मी सकाळी साडेसातला निघते आणि आठ वाजता परत येते. तोवर त्या सोबतीला येणाऱ्या कांताबाईंबरोबर टीव्ही बघतात. शनिवारच्या सकाळी त्या फक्त माझ्या असतात.

फक्त माझ्या म्हटलं खरं, पण त्या दिवसातून चारदा मला 'हेमा' म्हणून हाक मारतात. मी दुरुस्त करत नाही, ओ देते. तुम्हाला अडतीस वर्षं मिळाल्या त्या. माझी आई गेली त्याच वर्षी माझं लग्न झालं, तेव्हापासून मला या आई दोन-दोन महिन्यांच्या तुकड्यांत मिळतात, त्यातही तुमच्या नावाने. त्या माझ्याकडे राहाव्यात असं मलाही वाटतं.

एक विनंती. तो फोटो मला पाठवाल? मी समोर रस्ता बघत होते, आई तशा हसल्या ते मी पाहिलंच नाही.

नम्रता

कर्वेनगर
१ जून २०२५

नम्रता,

आशीर्वाद. रक्तदाबाची गोळी बदलली आहे, आता पिवळी. जुन्या पांढऱ्या गोळ्या आई उशाखाली ठेवतात, त्या काढून घे.

फोटो पाठवत नाही.

तू लिहिलंस म्हणून आम्ही एका शनिवारी बायपासला गेलो. हे चालवत होते, आई पुढे, मी मागे. हे पंचेचाळीसवर. साठाची मर्यादा म्हणजे साठ गाठायलाच हवेत असं नाही, असं ह्यांचं मत आहे आणि ते हे सगळ्यांना सांगतात. हॉर्न डावीकडून वाजले, उजवीकडून वाजले. एका टेम्पोवाल्याने शेजारी येऊन खिडकीतून 'आजोबा, चालत गेलात तर लवकर पोचाल' असं सांगितलं. ट्रकबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे, एवढं मान्य करते.

आई वारज्यातच झोपल्या. गाडीत झोप लागली हे कौतुक समजायचं की टीका, ते मला अजून कळलेलं नाही. हॉटेलात पोचल्यावर जाग्या झाल्या. वेटर आला तेव्हा 'मिसळ' म्हणाल्या, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'नको, इडली सांग.' मी काहीही बोलले नव्हते, नम्रता. नुसती समोर बसले होते. इडली त्यांनी संपवली आणि 'छान होती हं' म्हणाल्या, पाहुण्यांकडे गेल्यावर म्हणतात तसं.

मला तुझा हेवा वाटतो. लिहूनच टाकते, म्हणजे पोटात राहणार नाही. मी त्यांचं ऑपरेशन काढलं, सासऱ्यांचं आजारपण काढलं, त्यांच्या बहिणींची उठाठेव केली. माझ्या वाट्याला रक्तदाब आला आणि तुझ्या वाट्याला मिसळ.

तुझ्या मास्तरांबद्दल. मास्तर नसताना पोरं गोंधळ घालतात म्हणून मास्तरच नकोत, असं अजून कोणी म्हटलेलं नाही. खांब एकच आहे ही खांबाची चूक नाही, तो गेल्यावर सुटणाऱ्यांची आहे. आणि दंड गंधारला दुधाच्या बिलासारखा वाटत असेल, मला वाटत नाही. यापुढे येणारं प्रत्येक चलान मी जपून ठेवणार आहे आणि दिवाळीला दोघा भावांपुढे मांडणार आहे. तू हळू चालवलीस तर मला कळणार नाही. जोरात चालवलीस तर मात्र कळेल.

हेमा

धायरी
३ ऑगस्ट २०२५

वहिनी,

नमस्कार. आई येताहेत. पिवळ्या गोळ्या संपत आल्या आहेत, पांढऱ्या काढून घेतल्या. कपाळावर डाव्या बाजूला थोडं काळंनिळं दिसेल. बाथरूमच्या दाराची चौकट लागली, आता बरं आहे. डॉक्टरांना दाखवलं होतं, काळजी नसावी.

दोन महिन्यांत तुमच्या फोनवर एकही चलान आलेलं नसणार. बघून घ्या. हळू चालवते. ऑफिसच्या वाटेवरसुद्धा, आई गाडीत नसतानासुद्धा. मागचे शिव्या देतात, देऊ देत. ऑफिसात मी आता पंधरा मिनिटं उशिरा पोचते आणि आमची टीम लीड ऋतुजा मला विचारते की मॅडम, गाडी खराब आहे का.

तुम्हाला हेवा वाटतो म्हणून लिहिलंत. मग ऐका. मागच्या आठवड्यात आई म्हणाल्या, 'यज्ञेश्वरच्या गाडीत झोप काय छान लागते, हेमा मागे असते ना, काळजी नसते.' माझ्या गाडीत त्या आजवर एकदाही झोपलेल्या नाहीत. रस्ताभर डोळे टक्क उघडे आणि हात दाराच्या मुठीवर. मला वाटायचं, त्यांना मजा येते. आता वाटतं, विश्वास नसेल.

पत्र लहान आहे. काम खूप आहे.

नम्रता

कर्वेनगर
९ ऑगस्ट २०२५

नम्रता,

हे पत्र बॅगेतून येणार नाही. हे गंधारकडे निघाले आहेत, त्यांच्या हाती देते.

दोन महिने मी रोज सकाळी चहाच्या आधी फोन बघत होते. चलान आलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी बेचैन होत गेले. ह्यांनी विचारलंसुद्धा, 'कोणाच्या मेसेजची वाट बघतेस?' काय सांगणार? धाकट्या जावेला दंड व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसले आहे, असं?

काल मी आईंचे केस विंचरत होते. कंगवा त्या जागेला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, 'हळू गं, गाडीत आपटलंय तिथे.' मी विचारलं, 'गाडीत की चौकटीला?' तर म्हणाल्या, 'नम्रताने काय लिहिलंय?'

तू मला चौकट लिहिलीस. मी चौकट वाचून आमच्या बाथरूमच्या दाराला रबर लावून घेतलं. सुतार बोलावून. मला स्वतःच्या भोळेपणाचा राग येतोय, पण तुझा त्याहून जास्त. तुझ्या फोनला खांब आधी कळतात, हे तूच लिहिलं होतंस. म्हणजे खांबापाशी हात जोडून जायचं आणि पुढे आहेच तुझं ब्याण्णव. चलान न येणं म्हणजे हळू चालवणं असं मी धरून चालले होते. वर 'हळू चालवते' म्हणून शपथेवर सांगायचं.

आईंच्या डोळ्याच्या वर फक्त दोन बोटं लागलं आहे. दोन बोटं खाली लागलं असतं तर?

आता दिवाळीची वाट बघायची गरज नाही. आई यापुढे इथेच राहतील. ह्यांना सांगितलं, हे हो म्हणाले. गंधारला हे आज समोर बसून सांगतील. ऑक्टोबरात मी बॅग भरणार नाही.

हेमा

धायरी
१५ ऑगस्ट २०२५

वहिनी,

तुमचं पत्र भाऊजींसमोरच वाचलं. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं, आणि ते गेल्यावर मी रडले. उत्तर लिहायला सुट्टीची वाट बघितली.

खोटं लिहिलं हे खरं. चौकट नव्हती. आता झालं ते सांगते, विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

जुलैतला शनिवार होता. हॉटेलाकडे निघालो होतो. उतार संपतो तिथे रस्त्याच्या मधल्या कठड्याला लोकांनी फट पाडून ठेवली आहे, तिथून एक मोटरसायकल उलट्या दिशेने एकदम समोर आली. चालवणारा, मागे बाई. मी ब्रेकवर उभीच राहिले म्हणा. गाडी थांबली तेव्हा त्यांचं चाक आणि आपला बंपर यांत हातभर जागा होती. तो माणूस माझ्याकडे बघून हात हलवून, म्हणजे 'जाऊ द्या' असा, निघून गेला. आईंचा पट्टा निघालेला होता, कपाळ पुढे आपटलं. मी लगेच डॉक्टरांकडे नेलं.

वहिनी, त्या उतारावर मी नेहमी ऐंशीच्या वर असते. तिथे कॅमेरा नाही, खांब नाही, फोनही वाजत नाही. मला कोणी बघत नव्हतं. तरी मी पन्नासवर होते, कारण जूनपासून तशी सवयच लागली होती. कुठे खांब आहे आणि कुठे नाही हे लक्षात ठेवत बसण्यापेक्षा सगळीकडेच हळू जाणं सोपं, असं झालं होतं. दंडाची भीती मला कधीच नव्हती. अपघाताची होती असंही म्हणवत नाही, अपघात आपल्याला होत नाही असंच वाटतं. मी फक्त तुम्हाला घाबरत होते. तुम्ही दिवाळीला दोघांपुढे कागद मांडाल आणि आई जातील, एवढंच डोक्यात होतं. तुमचा इतका राग यायचा की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय आपोआप वर यायचा.

मग हे सगळं लगेच का नाही लिहिलं? कारण 'गाडीत लागलं' एवढंच वाचून तुम्ही पुढचं वाचणार नाही असं वाटलं. आई गमवायच्या नव्हत्या म्हणून लपवलं, आणि लपवलं म्हणून गमावल्या.

पाट्या-खांबांबद्दल मी जे लिहिलं होतं ते पुन्हा लिहिणार नाही. ऐंशीला ती हातभर जागा उरली नसती, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

ठेवा त्यांना तुमच्याकडे. त्यांना तिथे झोप लागते. कांताबाई विचारतात, आजी कधी येणार, त्यांना सांगितलं की डॉक्टरांनी हलवायला मनाई केली आहे. गोड दूध देत जा. तुम्ही देता हे मला माहीत आहे.

नम्रता

कर्वेनगर
५ ऑक्टोबर २०२५

हेमा आणि नम्रता, दोघींना,

हेच पत्र मी दोनदा लिहिलं आहे, एकेक प्रत घ्यावी आणि कोणाला आधी दिलं यावरून वाद घालू नये.

तुमची पत्रं माझ्या बॅगेतून गेली. माझ्या बॅगेत, माझ्या औषधांच्या डब्याखाली. वाचायला मला चष्मा लागतो, परवानगी लागत नाही. बॅगेतली सगळी मी वाचली, काही दोनदा. ऑगस्टात हेमाने यज्ञेश्वरच्या हाती दिलेलं तेवढं मिळालं नाही, पण ते तिने इतक्या रागाने दाबून लिहिलं होतं की पॅडच्या खालच्या पानावरून बरंचसं लागलं. नम्रताचं उत्तर देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली सापडलं. हेमा, ते तू रोज पूजा झाल्यावर वाचतेस आणि परत ठेवतेस. सात आठवडे झाले. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणून तरी लिही.

आधी चुका सांगते. दुधात हेमा अर्धा चमचा साखर घालते आणि नम्रता एक. दोघी नाही म्हणता. मी दोघींकडे तक्रार करते म्हणून दोघींकडे साखर मिळते.

ब्याण्णवचं नम्रताने स्वतःवर घेतलं, तेही खरं नाही. मी म्हणायचे, दामट. ती साठवर असायची आणि मी म्हणायचे, दामट की जरा, काय बैलगाडी आहे? लग्न झाल्यापासून मी कुठेही गेले ते कोणाच्या तरी चार पावलं मागून गेले. आधी सासूबाई, मग तुमचे सासरे. पुढच्या सीटवर बसायला मला एक्क्याऐंशी वर्षं लागली. उतारावर पोटात खड्डा पडतो ना, तो मला आवडायचा. म्हणून डोळे उघडे ठेवून बसायचे, नम्रता. विश्वास नाही म्हणून नव्हे. काही चुकायला नको म्हणून. आणि हेमा, तुझ्यासमोर मिसळ मागवायला मला लाज वाटली, कारण तुझ्याकडे मी पथ्याची, जपमाळेची बाई आहे आणि ती बाईही मला आवडते. एका माणसाला दोन घरं असली की दोन स्वभाव ठेवता येतात, ते एकदम गोळा करू नयेत.

त्या जुलैच्या शनिवारीही मी दामट म्हटलं होतं. दोनदा. नम्रता म्हणाली, 'नाही आई, वहिनींच्या फोनवर जाईल.' मी म्हटलं, इथे कुठे कॅमेरा आहे? तरी ऐकेना. मी रुसले. रुसून पट्टा काढला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. म्हणून कपाळ आपटलं. चौकटीचा दोष नाही, गाडीचा नाही, माझ्या रुसण्याचा.

नम्रताने लिहिलंय, चालवणारा आणि मागे बाई. ती बंपरकडे बघत होती. मी चाकाच्या वर बघत होते. टाकीवर एक पोर बसलं होतं, दीडदोन वर्षांचं, लाल टोपरं. ते माझ्याकडे बघत होतं, घाबरलंही नव्हतं. हे मी आजवर नम्रताला सांगितलं नाही, तिला झोप लागली नसती. आता सांगते, कारण तुम्ही दोघी कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवत बसल्या आहात. त्या दिवशी नम्रताने माझं ऐकलं असतं तर ते पोर गेलं असतं. मी म्हटलं म्हणून गेलं असतं.

तेव्हापासून दामट म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं, पण नाही.

पाट्यांनी आणि दंडांनी रस्ता सुधारतो का, यावर तुम्ही इतकं लिहिलंत. माझं मत कोणी विचारलं नाही, तरी देते. दंडाला कोण भितं? गंधार भरतो आणि विसरतो. माणूस भितो तो घरच्या माणसाला. पण पाटी नसती, खांब नसता, तर हेमाच्या फोनवर काय आलं असतं? माझा हसरा फोटोही आला नसता. तो फोटो हेमा, तू मला एकदाही दाखवला नाहीस. मी झोपले आहे असं वाटलं की काढून बघतेस, एवढं मला माहीत आहे. नम्रताला पाठव.

डॉक्टरांचं मी ऐकून घेतलं. दार कोणत्या बाजूला ते मी आता लक्षात ठेवीन, नाही राहिलं तर हाक मारीन. हाक मारताना नाव चुकेल, तेवढं चालवून घ्या. पण एका घरी कायमची मी राहणार नाही. बॅग आज सकाळी मी स्वतः भरली आहे. गंधारला मीच फोन केला, तो दुपारी न्यायला येईल. दोन महिन्यांनी इकडे परत येईन, आणि तसंच पुढे, जमेल तोवर.

का ते लिहिते आणि संपवते. मला तुमचा हेवा वाटतो. तुम्ही दोघींनी एकमेकींना जेवढं लिहिलंत तेवढं मला आयुष्यात कोणी लिहिलं नाही. तुमचे सासरे नोकरीसाठी तीन वर्षं नाशिकला होते, त्यांची पत्रं घरी यायची ती त्यांच्या आईच्या नावाने, शेवटी 'विमलला सांगणे' असं असायचं. तुमचीही तशीच आहेत. आई जेवतात, आई झोपतात, आईंना गोळी द्यावी. सगळी माझ्याबद्दल, आणि मला एक ओळ नाही. एका घरी राहिले तर तुमची ही पत्रंही बंद होतील, मग मला तेवढंही वाचायला मिळणार नाही.

पुढच्या वेळी बॅगेत दोन पाकिटं ठेवा. एकावर माझं नाव घाला.

विमल